दोधूच्या नावाची मूठ

धानोऱ्यात भिकुबाईच्या हाताबद्दल दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक म्हणजे तिच्या हातची भाकरी परातीएवढी होते, आणि दुसरी म्हणजे तिची मूठ गड्याच्या मुठीला भारी आहे. पहिली गोष्ट कौतुकानं सांगत, दुसरी थट्टेनं. थट्टेचं कारण होतं कानबाईचा रोट.

कानबाई ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती घरोघर बसते. तिच्या नैवेद्याचा जो रोट, तो करायचा म्हणजे आधी घरातले पुरुष मोजायचे. एकेकाचं नाव घेऊन घरच्या बाईनं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे आणि तेवढेच गहू घरच्या जात्यावर दळून त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याचीही. मेलेल्याची मात्र नसते. मेलेल्यांचा दिवस निराळा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. जिवंताला मूठ आणि मेलेल्याला घागर, असा हा सरळ हिशेब. रोट खायचा तो भाऊबंदांनीच. परक्याच्या तोंडी तो लागायचा नाही, आणि उरला तरी उंबऱ्याबाहेर जायचा नाही.

भिकुबाईच्या घरात पुरुष दोनच, नवरा हिंमतराव आणि मुलगा दोधू. तिची जाऊ छबूबाई म्हणायची, आमच्या घरी आठ मुठी पडतात तरी सूप भरत नाही, आणि भिकूच्या दोन मुठींत भरतं. भिकुबाई हसायची. तिला काय, देवीला देताना हात आखडायची सवयच नव्हती. दोधूच्या आधीची तिची चार लेकरं मातीत गेली होती. ती स्वतःही आईबापाची मेलेल्या भावंडांनंतर जगलेली, म्हणून तर नाव भिकू ठेवलेलं, की मरणाला वाटावं, या भिकारणीला नेऊन काय करायचं. असं नाव घेऊन वाढलेल्या बाईला देवाकडं मागायला कुणी शिकवावं लागत नाही. दोधू तिनं कानबाईकडं मागून घेतला होता, आणि त्याची मूठ टाकताना ती बोटांच्या फटीतून एकही दाणा खाली पडू द्यायची नाही.

दोधू एकोणीस वर्षांचा झाला, त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. सून आली सिंधू. नाजूक, अबोल, कामाला चलाख. सासूला आत्या म्हणायची आणि सासूच्या मोठ्या आवाजाला बिचकायची. ते साल एकोणीसशे अठरा. पाऊस रुसला तो रुसलाच. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि करपली. कानबाई उठली, रोट खाऊन झाला, आणि गावातली चार-पाच पोरं कामासाठी सुरतेकडं निघाली. तिकडं कापसाच्या जिनात माणसं लागतात अशी खबर होती. दोधू म्हणाला, दिवाळीला येतो. भिकुबाईनं त्याला शिदोरी बांधून दिली, नंदुरबारपर्यंत हिंमतराव गाडीनं सोडायला गेला, तिथून पोरं आगगाडीत बसली. निघताना तो आईच्या पाया पडला. बायकोशी तो सगळ्यांदेखत बोलणार तरी काय. सिंधू दाराआड उभी होती.

दिवाळीच्या आधी मानमोडीची साथ आली. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी तापानं फणफणायचा आणि दोन दिवसांत आटोपायचा. धानोऱ्यात एका घरातून दोन-दोन तिरड्या निघाल्या. त्यातच सुरतेला गेलेल्यांपैकी वाहरू एकटा परत आला, हाडांचा सापळा होऊन. त्यानं सांगितलं ते एवढंच की दोधूला ताप भरला होता, आपण त्याला धर्मशाळेत भिंतीला टेकवून बसवलं आणि पाणी बघायला गेलो, तर आपणच वाटेत चक्कर येऊन पडलो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर धर्मशाळेत जाऊन पाहिलं, तर भिंत होती, दोधू नव्हता. हिंमतराव सुरतेला गेला. जिनं पाहिली, दवाखाने पाहिले, नदीकाठची जागा पाहिली, जिथं एकेका सरणावर तिघा-चौघांना जाळत होते आणि नाव विचारायला कुणाला सवड नव्हती. तो परत आला तेव्हा भिकुबाई ओट्यावरून उठली आणि त्याच्या मागं कुणी आहे का ते पाहू लागली. मागं कुणी नव्हतं. हिंमतराव त्या दिवसापासून कमी बोलू लागला, तो कायमचाच.

पुढच्या श्रावणात भिकुबाई सूप घेऊन बसली. हिंमतरावाची मूठ टाकली. मग दोधूचं नाव घेतलं आणि पोतडीत हात घातला. छबूबाई जवळच होती. कोण बोलणार? पोरगं मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी सगळे भाऊबंद रोट जेवायला आले आणि पानावर बसल्यावर कुणीही दोधूचं नाव काढलं नाही.

भिकुबाई मात्र देवाच्या मागं हात धुऊन लागली. पायात वहाण घालायची नाही, तो येईस्तोवर. रविवारी मीठ खायचं नाही, तो येईस्तोवर. तो आला की कानबाईला चांदीचा मुखवटा. नवसांची अशी माळच तिनं ओवली, आणि एकेका नवसासरशी तिला वाटायचं, आता देवाला माघार घेता येणार नाही. त्या बाईच्या भक्तीत खोट काढायची माझी छाती नाही. पण खरं सांगायचं तर ती देवाला विनवत नव्हती, दटावत होती.

आणि वाट पाहत होती. वाट कशी पाहावी हे तिच्याकडून शिकावं. दोधू चालताना डावा खांदा जरा उचलायचा, लहानपणापासूनची खोड. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गड्याचा ती आधी खांदा बघायची. खळ्यात मिरच्या वाळत घालताना पाठ रस्त्याकडं करायची नाही. एकदा अक्कलकुव्याच्या बाजारात, गर्दीत, तिला तो खांदा दिसला. ती हातातली टोपली टाकून धावली, माणसं लोटत गेली आणि त्या माणसाला मागून घट्ट धरलं. तो वळला. डोंगरातला कुणी रूपसिंग नावाचा पावरा आदिवासी होता, पाठीवर चारोळीचं गाठोडं, त्याच्या वजनानं खांदा उचललेला. त्याची बोली हिला कळेना, हिचं रडणं त्याला कळेना. त्यानं आपल्या तुंबडीतलं पाणी तिला पाजलं आणि ती उठून उभी राहीपर्यंत तिथंच बसून राहिला. घरी येताना भिकुबाई सिंधूला म्हणाली, चांगला माणूस होता हो, आपला दोधूही असाच कुणाला तरी पाणी पाजत असेल. सिंधू टोपली घेऊन मागून चालत होती.

दुसराही श्रावण असाच गेला. तिसऱ्या वर्षी मात्र भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. त्या वर्षी हिंमतरावाची म्हैस दगावली, थोरल्या भटू आप्पांच्या गोठ्याची भिंत बसली आणि त्यांचा नातू गोवरानं जाता जाता वाचला. फुकटची अक्कल वाटायला धानोऱ्यात माणसं कधी कमी पडली नाहीत. कुणीतरी म्हणालं, रोटात मेलेल्याची मूठ पडते आहे, देवी खवळणार नाही तर काय. एकदा निघालेली गोष्ट मागं कशी घ्यायची? कानबाईच्या दिवशी दुपारी पानं मांडून झाली, पुरणाचा वास ओट्यापर्यंत गेला, आणि भटू आप्पा एकटेच आले. ते थोरले दीर, भावजयीशी समोरासमोर बोलायची रीत नाही. म्हणून दारातूनच, पण आत ऐकू जाईल अशा बेतानं ते भावाला म्हणाले,

"हिंमत, ज्यानी खबर नही त्यानी मूठ रोटमा पडस. तो जित्ता व्हई ते चांगलंच शे. पन नही व्हई ते? आमना घरमा बी पोरेसोरे शेतस."

हिंमतराव खाली मान घालून उभा राहिला. आप्पा दुष्ट माणूस नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माघारी गेले. त्या दिवशी दुसरं कुणी आलं नाही.

आता बघा काय झालं. रोट तर भाऊबंदांच्या मापानं केलेला, कारण भिकुबाईनं त्या वर्षी हट्टानं मूठ आणखीच भरून घेतली होती आणि पोळ्यांची चळत लागली होती. बाहेर द्यायचा नाही, गुरांना घालायचा नाही, टाकायचा तर नाहीच. खाणारी तोंडं तीन. हिंमतरावाला दोन घासांपुढं जाईना. मग सासू आणि सून दोघी पानाला पान लावून बसल्या आणि खाऊ लागल्या. संध्याकाळी खाल्लं, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं, दुपारी पुन्हा खाल्लं. पुरण आंबायला लागलं तरी खात होत्या. सिंधूला उमासे यायला लागले, तोंडावर पदर धरून ती गिळत होती. भिकुबाई म्हणाली, पुरे कर पोरी, उरलेलं मी बघते. तेव्हा सिंधू पहिल्यांदा सासूच्या वर आवाज काढून म्हणाली की दर वर्षी त्यांचा वाटा मीच खाते आत्या, हा काय नवा नाही. भिकुबाईला हे ठाऊकच नव्हतं. भाऊबंद उठून गेल्यावर दोधूच्या नावानं वाढलेल्या पानाचं काय होतं याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. मूठ टाकली की तिचं काम संपत होतं.

त्या दिवाळीनंतर सिंधूचा बाप आला. गरीब, मर्यादेचा माणूस. त्यानं हिंमतरावापुढं पागोटं उतरवून ठेवलं आणि हळूहळू विषय काढला. नवापूरकडं एक बिजवर आहे, शेतीवाडीचा, बायको मानमोडीत गेली, लेकरू नाही. सिंधूला पाट लावून न्यायला तो तयार आहे. पण नवरा जिवंत मानलेल्या बाईचा पाट कसा लागणार? भटजी सांगतात बारा वर्षं थांबा. पंच मात्र म्हणतात, आईचं मन हीच साक्ष. भिकुबाईनं आखाजीला पोराच्या नावानं घागर भरली तर आम्ही अडवणार नाही. एवढं बोलून तो रडायला लागला. तुमचं दुःख मला दिसतं आहे विहीणबाई, म्हणाला, पण माझी पोरगी ना सवाष्ण ना विधवा, तिनं कोणत्या पंगतीत बसावं?

भिकुबाईनं त्याला नको नको ते ऐकवलं. पोटच्या पोराला मी माझ्या हातानं मारू? तुझी पोरगी जड झाली असेल तर तसं सांग. ती या घरची लक्ष्मी आहे, तिला मी दोन्ही वेळा तूप वाढते. हे सगळं खरंच होतं, ती वाढत होती. सिंधूचा बाप पागोटं उचलून गेला. सिंधूनं सगळं ऐकलं होतं. ती घागर कमरेवर घेऊन विहिरीवर गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

पुढं चैत्रात अमिना आली. ती नंदुरबारची मणियारीण, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आसपासची गावं फिरायची आणि गिऱ्हाइकांशी त्यांच्याच अहिराणीत बोलायची. भिकुबाईकडं तिचा पहिला मुक्काम, कारण इथं सावली आणि ताक दोन्ही मिळायचं. दर वर्षी आखाजीच्या आधी भिकुबाई सुनेला चुडा भरायची, दोधूच्या नावानं, हिरवागार, कोपरापर्यंत. त्या दिवशी सिंधू गुरांना पाणी दाखवायला गेली होती. अमिनानं पेटी उघडली, बांगड्या चाळवल्या आणि पुन्हा झाकण लावलं. भिकुबाई म्हणाली, काय गं, माल कमी आहे का? अमिना बराच वेळ पेटीचा बंद आवळत राहिली.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "मन्हा पोऱ्या अजीज मानमोडीमा गया, ते मन्हा हातनं पानी पीसन गया. तुन्हं दुःख मन्हाथून मोठं शे. पन गये साल हाई पोर माले काय बोलनी माहीत शे? बोलनी, अमिनाबी, ज्यासना नावनी बांगडी तू भरस, त्यासनं तोंडच माले याद नही."

भिकुबाईचा विश्वास बसेना. दोधूचं तोंड तिला जागेपणी दिसायचं, झोपेत दिसायचं, पिठाच्या परातीत दिसायचं. हनुवटीवरचा व्रण, हसताना बारीक होणारे डोळे. हे तोंड घरातल्याच एका माणसाला दिसत नाही, हे तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं. अमिना ताक पिऊन गेली. सिंधू परत आली तेव्हा भिकुबाई तिला सरळ विचारायला गेली आणि विचारता विचारता तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. तुला त्याचं तोंड आठवत नाही का गं?

सिंधू घाबरली. मग खांबाला धरून खाली बसली.

"इहीरवर पानी सेंदताना त्यासनी पाठ दिखे, आत्या. तेवढीच याद शे. मी लई याद करस. तोंड येतच नही."

आणि ती रडली, नवऱ्यासाठी नव्हे, तोंड आठवत नाही या अपराधासाठी. पोरगी जेमतेम अडीच महिने नांदलेली, तेही भरल्या घरात, डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून. नवऱ्याकडं मान वर करून बघायची सवड तिला कुणी दिली होती? आणि त्या न पाहिलेल्या तोंडासाठी तिनं चार वर्षं चुडा घातला, आंबलेला रोट गिळला. भिकुबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना भिकुबाई देव्हाऱ्यापुढं बसली. रोज बसायची तशी नाही. रोज ती पदर खोचून बसायची, सावकारापुढं कुळानं भांडायला बसावं तशी. आज नुसती बसली. तिला एकदम थकवा आला होता. आपण देवाला चार वर्षं काय सांगत आलो हे तिला आज दुरून ऐकू येत होतं. आण त्याला. इथं आण. मी म्हणते म्हणून आण. आणि या सगळ्यात देव काय म्हणतो आहे हे ऐकायला आपण एकदाही गप्प बसलो नाही. दोधू मागून घेतला तेव्हा तो दिला कुणी? ज्यानं दिला त्याच्याजवळच तो आहे, जिवंत असला तरी आणि नसला तरी. आपल्याला कळलं नाही म्हणून त्यालाही ठाऊक नाही असं थोडंच आहे? हे मनात आलं आणि तिला इतकं रडू आलं की ती जमिनीवर आडवीच झाली. हे काही समाधानाचं रडू नव्हतं. काळीज तसंच फाटत होतं. फक्त फाटताना ती आता एकटी नव्हती.

"आजलोंग मी तुले सांगं का त्याले आठे आन," ती जमिनीवरूनच म्हणाली. "आते नही सांगत. तू जठे ठेवा व्हई तठे तो तुन्हा शे. माले समजाडू नको. फक्त मन्हा हात सोडू नको."

पोरीला मोकळं कर, हा हुकूम तिला त्या गप्प बसण्यातच ऐकू आला होता. आखाजीच्या आधी ती कुंभाराकडं गेली. दर वर्षी तिच्या घरी दोन घागरी लागत, सासऱ्याची आणि सासूची. कुंभारानं न विचारताच दोन काढून ठेवल्या. भिकुबाई म्हणाली, आणखी एक दे. कुंभार तिच्याकडं बघत राहिला, मग आत गेला आणि त्यातल्या त्यात चांगली, पक्की भाजलेली, टिचकी मारली की खणखणणारी घागर घेऊन आला. भिकुबाईनं ती आत बोट फिरवून पाहिली, डोक्यावर घेतली आणि भर उन्हातून अनवाणी घरी आली. हिंमतराव ओट्यावर होता. तिसरी घागर पाहून तो उठून उभा राहिला. तिनं त्याला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की सिंधूच्या बापाला बोलावणं पाठव. हिंमतराव म्हणाला, तू म्हणशील तसं. आणि मग म्हणाला, मी सुरतेहून आलो त्या दिवशीच मला कळलं होतं, पण तुझ्यापुढं बोलायची छाती झाली नाही.

आखाजीचा दिवस उगवला. बाहेर निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर उंच जात होत्या आणि गाणी म्हणत होत्या. गावाला आनंदाचं उधाण आलं होतं. घरात तीन घागरी मांडल्या, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप पडलं. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढत पितरांची नावं घ्यायची ती घरधन्यानं. हिंमतरावानं बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं. तिसरं बोट ओढलं आणि ते तसंच उंबऱ्यावर टेकून तो बसून राहिला. भटू आप्पा, छबूबाई, सिंधूचा बाप, सगळे उभे होते. बापानं लेकाचं नाव पितरांत घ्यायचं, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये. तेव्हा भिकुबाई पुढं आली. थोरले दीर समोर आहेत हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिनं दोन्ही हात घागरीवर ठेवले.

"दोधू," तिनं हाक मारली, लांब शेतातल्या पोराला जेवायला बोलवावं तशी. "पानी शे हाई, बेटा. मेल्याले बी लागस, जित्ताले बी लागस. तू जठे व्हशी तठे पी."

भटू आप्पांनी पुढं होऊन तिसऱ्या घागरीला हात जोडले.

मागून रीत म्हणून छबूबाई सिंधूच्या बांगड्या फोडायला पुढं झाली. भिकुबाईनं तिला थांबवलं. तिनं वाटीत तेल आणलं, सुनेच्या हातांना चोळलं आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. हात इतके वाळले होते की तेलाचीही गरज नव्हती. सिंधू हुंदके देत होती आणि भिकुबाई तिला सांगत होती की हे हात रिकामे ठेवायला उतरवत नाही, पोरी. जेठाचा महिना लागला तसा पाट लागला. पाटाच्या लग्नाला वाजंत्री नसते, मिरवणूक नसते. संध्याकाळी चार माणसं आली आणि सिंधू बैलगाडीत बसून गेली. भिकुबाईनं तिला ओटी भरून दिली आणि सांगितलं की दर आखाजीला इथं यायचं, सून म्हणून नाही, लेक म्हणून. भाऊबंदांनी नाकं मुरडली. भिकुबाईनं त्यांना मुरडू दिली.

त्या श्रावणात सगळे भाऊबंद रोटाला आले, पोटभर जेवले. भटू आप्पांनी आतल्या दाराकडं तोंड करून हिंमतरावाला सांगितलं की देवी प्रसन्न आहे. सुपात एकच मूठ पडली होती. भिकुबाईचा हात दुसऱ्यांदा पोतडीत गेला होता, सवयीनं, आणि तिनं तो तसाच धरून ठेवला होता, मग दाणे हळूहळू सोडून रिकामा बाहेर काढला. मीठ ती आता रविवारीही खायची. वहाणा घालायची. देवाला तिनं पुढं कधी अट घातली नाही. पीक गेलं, हिंमतरावाला अर्धांग झालं, चार वर्षं अंथरुणात तिनं त्याचं सगळं केलं आणि मग तोही गेला, तरी ती देव्हाऱ्यापुढं बसून एवढंच म्हणायची की तू आहेस ना. लोकांना वाटलं, बाई सुटली दुःखातून.

सिंधू मात्र येत राहिली. पहिल्या आखाजीला नवऱ्याबरोबर, मग कडेवर पोर घेऊन, मग तीन-तीन पोरं घेऊन. नवापूरकडचा तो माणूस भला निघाला, कधी अडवलं नाही. पोरं भिकुबाईला आजी म्हणायची. सिंधू आता मोठ्या आवाजाला बिचकत नव्हती, उलट म्हातारीलाच दटावायची, ऊन लागेल, आत बसा.

सन चाळीसच्या आसपासची गोष्ट. आखाजी होती. घागरी भरून झाल्या होत्या, त्यात दोधूची घागर आता जुन्या पितरांच्या रांगेत गेली होती. दुपारी भिकुबाई ओट्यावर बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. रस्त्यानं एक वाटसरू चालला होता, आणि म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून मान पुढं काढली. सिंधूनं पाहिलं, ती बघते आहे ते त्या माणसाचा खांदा. इतकी वर्षं झाली. तिला वाटत होतं, आपल्यासाठी घागर भरून या बाईनं तो धागा तोडून टाकला. ती जवळ जाऊन बसली आणि भीत भीत म्हणाली,

"आत्या, घागर भरी ना तुमी? मंग आजून वाट काब देखतस?"

भिकुबाईनं मान वळवली नाही. वाटसरू वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

"घागर देवना हुकूम व्हता म्हनीसन भरी," ती म्हणाली. "वाट मन्ही मी देखस. त्याले देवनी कधी ना नही म्हनं."

पोरं झोक्यावर भांडत होती, त्यांना सिंधूनं हाका मारल्या नाहीत. ती तशीच म्हातारीला टेकून बसली आणि तीही रस्त्याकडं बघू लागली.